रेडिओ दीर्घिकांची जातकुळी सांगणारी हिरवी रेषा

‘अवकाशातून आले गूढ रेडिओ संदेश’ अशा मथळ्याची बातमी अधूनमधून झळकते आणि तिच्या मागोमाग परग्रहवासीयांच्या गप्पांना ऊत येतो. वास्तविक आकाशातील प्रखर रेडिओ स्रोतांपैकी बरेचसे स्रोत म्हणजे दूरच्या दीर्घिका असतात. त्यांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराजवळून परस्परविरुद्ध दिशांना द्रव्याचे झोत निघतात. त्यांतील इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडतात. त्यात कोणाचा संदेश तर नसतोच, उलट खगोलशास्त्रज्ञांना हवी असलेली माहितीही फार थोडी असते. या लहरींची तीव्रता कंप्रतेनुसार संथपणे बदलत जाते, तिच्यात ठळक रेषा, म्हणजे ठराविक कंप्रतेलाच उठून दिसणारी चमक, नसतात, त्यामुळे दीर्घिका किती दूर आहे हेसुद्धा त्यावरून ठरवता येत नाही.

त्यासाठी दृश्य प्रकाशाचा वर्णपट लागतो. हंस तारकासमूहातील ‘सिग्नस ए’ या स्रोताचे नेमके स्थान केंब्रिजच्या ग्रॅहम स्मिथ यांनी 1951 मध्ये निश्चित केले. मग वॉल्टर बाडे आणि रुडॉल्फ मिन्कोव्स्की यांनी पालोमारच्या 200 इंची दुर्बिणीतून तेथील अंधूक दीर्घिकेचा वर्णपट घेतला. त्यातील रेषा 5.6 टक्क्यांनी तांबड्या टोकाकडे सरकलेल्या होत्या, म्हणजे ही दीर्घिका सुमारे 75 कोटी प्रकाशवर्षे दूर होती. तेथे दोन दीर्घिकांची टक्कर होत असावी, हा त्यांचा 1954 च्या निबंधातील तर्क पुढे टिकला नाही; रेषा मात्र टिकल्या.

त्यांपैकी सर्वांत बोलकी रेषा 500.7 नॅनोमीटरची, हिरव्या रंगाची आहे. विल्यम हगिन्स यांनी 1864 मध्ये एका तेजोमेघात ती पाहिली, आणि प्रयोगशाळेत ती कोठेच सापडेना म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे मूलद्रव्यच कल्पिले गेले. 1927 मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडा केला, की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. एखाद्या मोकळ्या इलेक्ट्रॉनची धडक बसली की हा आयन किंचित वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि तेथून खाली यायला त्याला सरासरी अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागतो. प्रयोगशाळेतल्या वायूत तेवढ्या अवधीत दुसरी धडक बसून त्याची ऊर्जा काढून घेतली जाते. अवकाशातल्या अतिविरळ वायूत त्याला निवांतपणे प्रकाशकण सोडता येतो.

हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन सोडवायला 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट पुरतात, पण ऑक्सिजनचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला 35 लागतात. म्हणून ही हिरवी रेषा हायड्रोजनच्या 486.1 नॅनोमीटरच्या रेषेच्या किती पट प्रखर आहे, यावरून वायूवर पडणारे किरण किती जहाल आहेत ते कळते. दोन्ही रेषा जवळजवळ असल्याने वाटेतील धूळ त्यांना सारखीच मंद करते आणि गुणोत्तर फारसे बिघडत नाही.

मात्र तप्त तरुण ताऱ्यांमुळेही हिरवी रेषा उमटू शकते, म्हणून साक्षीदार म्हणून 630.0 नॅनोमीटरची, उदासीन (एकही इलेक्ट्रॉन न गमावलेल्या) ऑक्सिजनची रेषा बोलवावी लागते. ताऱ्याभोवतीच्या आयनीभूत (इलेक्ट्रॉन गमावलेल्या) वायूची कड तीक्ष्ण असते: कडेच्या आत उदासीन ऑक्सिजन जवळपास उरत नाही आणि कडेबाहेर त्याला धडक द्यायला मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. कृष्णविवराच्या परिसरातील क्ष-किरण मात्र वायूत खोलवर शिरतात आणि अर्धवट आयनीभूत झालेला रुंद पट्टा तयार करतात. तेथे उदासीन ऑक्सिजन आणि मोकळे इलेक्ट्रॉन एकत्र नांदतात, आणि ही तांबडी रेषा उठून दिसते. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

रेडिओ स्रोतांच्या केंब्रिजच्या तिसऱ्या यादीच्या सुधारित आवृत्तीतील, 0.3 पेक्षा कमी ताम्रसृती असलेल्या (म्हणजे रेषा तांबड्या टोकाकडे 30 टक्क्यांहून कमी सरकलेल्या) 113 स्रोतांची अशी पाहणी ला पाल्मा बेटावरील इटलीच्या गॅलिलिओ दुर्बिणीने केली. सारा बुत्तिल्योने आणि सहकाऱ्यांचे त्यावरील निबंध 2009 पासून प्रसिद्ध झाले. काम किचकट होते. वयस्क ताऱ्यांच्या प्रकाशात 486.1 नॅनोमीटरपाशी काळी खाच असते आणि वायूची क्षीण रेषा नेमकी त्या खाचेत बुडते, म्हणून आधी ताऱ्यांचा वाटा वजा करावा लागतो. तो चुकला, तर गुणोत्तरही चुकले.

गुणोत्तरे मांडल्यावर दीर्घिकांचे दोन गट पडले: जहाल किरणांची खूण दाखवणाऱ्या उच्च-उत्तेजन आणि तशी खूण क्षीण असलेल्या निम्न-उत्तेजन. पहिल्या गटात थंड वायू तेजस्वी चकतीतून कृष्णविवरात पडतो, तर दुसऱ्यात भोवतालचा तप्त वायू तुटपुंजा प्रकाश देत आत झिरपतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. 1974 मध्ये फॅनारॉफ आणि रायली यांनी रेडिओ आकारावरून केलेली विभागणी याच्याशी तंतोतंत जुळत नाही. केंद्राजवळ उजळ असलेल्या दीर्घिका बहुतेक निम्न-उत्तेजन निघाल्या, परंतु कडांना उजळ असलेल्यांत दोन्ही गट आढळले. नुसत्या रेडिओ चित्रावरून दीर्घिकेच्या केंद्राबद्दल ठाम विधाने करणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हवे.

आता याद्या लाखांत गेल्या आहेत. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झवर केलेल्या पाहणीची 2017 ची यादी सहा लाखांहून अधिक स्रोतांची आहे आणि युरोपातील लोफार या रेडिओ दुर्बिणीची 2022 ची यादी सुमारे 44 लाखांची. त्यांचे वर्णपट घेण्यासाठी ला पाल्मावरीलच विल्यम हर्शेल दुर्बिणीला ‘वीव्ह’ हे उपकरण जोडले आहे. त्यातील जवळपास हजार प्रकाशतंतू एका वेळी तितक्याच स्रोतांकडे रोखता येतात. अंतरे त्यातून भराभर मिळतील. पण मंद स्रोतांत 630.0 ची नाजूक रेषा पुष्कळदा गोंगाटात हरवेल, आणि तेथे वर्गीकरण एकट्या हिरव्या रेषेवर भागवावे लागेल, असा माझा अंदाज आहे.