स्प्रिंग डेड स्पॉट रोगावरील बुरशीनाशक चाचणी

स्प्रिंग डेड स्पॉट हा हरळीच्या हिरवळीवरचा बुरशीजन्य रोग आहे. गणपतीला वाहतात ती दूर्वा आणि शेतकरी बांधावरून उपटून टाकतो ती हरळी म्हणजेच सायनोडॉन डॅक्टिलॉन. अमेरिकेत ‘बर्म्युडा ग्रास’ या नावाने तिच्या आणि तिच्या संकरित वाणांच्या हिरवळी गोल्फची मैदाने, फुटबॉलची मैदाने आणि घरांची अंगणे व्यापून आहेत. उष्ण हवामानातले हे गवत थंडीत पिवळे पडून सुप्तावस्थेत जाते. हा रोग नेमका अशाच प्रदेशात त्रास देतो: ओक्लाहोमा, कॅन्सस, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया. ओक्लाहोमात तो 1936 पासून दिसत होता. त्याचे शास्त्रीय वर्णन तेथील वॅड्सवर्थ आणि यंग या संशोधकांनी 1960 मध्ये केले.

ऑफिओस्फेरेला या वंशातील हर्पोट्रिका, कोरी आणि नार्मारी या तीन जातींच्या बुरशी रोगाला कारणीभूत असतात. जमीन थंडावू लागली की शरद ऋतूत बुरशी मुळांत, धावत्या खोडांत आणि भूमिगत खोडांत शिरते. त्या वेळी वरून काहीच दिसत नाही. पोखरलेल्या खोडांना गोठवणारी थंडी सोसत नाही. वसंतात बाकीची हिरवळ फुटते आणि मधूनच वाळक्या गवताचे गोल, खोलगट चट्टे उघडे पडतात. काही चट्टे वीतभर असतात, तर काही मीटरभर रुंद होतात. पुढची काही वर्षे ते त्याच जागी परत येतात आणि वाढत जातात. कडेच्या निरोगी हरळीने चट्टा भरून काढायला कधी पूर्ण उन्हाळा लागतो.

औषध शरदात मारायचे आणि गुण आला की नाही ते वसंतात पाहायचे, म्हणून या रोगावरची चाचणी इतर रोगांवरच्या चाचण्यांपेक्षा अवघड असते. पानावरच्या रोगात दोन-तीन आठवड्यांत फरक कळतो. इथे मधे अख्खा हिवाळा जातो. हिवाळा सौम्य गेला तर न फवारलेल्या वाफ्यातही चट्टे कमी दिसतात, आणि मग कोणत्याच औषधाबद्दल ठाम काही म्हणता येत नाही. त्यामुळे चाचणीचा अहवाल हाती आला की आधी बिनफवारणीच्या वाफ्याचा आकडा पाहावा. तिथे रोगच नसेल, तर शेजारच्या वाफ्यातले ‘शून्य टक्के’ निरर्थक आहे.

दुसरी अडचण रोगाच्या विखुरलेपणाची. चट्टे सारख्या अंतरावर पडत नाहीत. एखादा वाफा नशिबानेच स्वच्छ राहतो. म्हणून चाचणीसाठी रोगाचा इतिहास असलेली, तीन-चार वर्षांहून जुनी हिरवळ निवडतात आणि आदल्या वसंतातले चट्टे नोंदवून ठेवतात. वाफे साधारण दीड मीटर बाय तीन मीटरचे असतात. यादृच्छिक गट रचनेत, म्हणजे वाफ्यांचे गट पाडून प्रत्येक गटात कोणत्या वाफ्याला कोणता उपचार ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, प्रत्येक उपचाराच्या किमान तीन-चार पुनरावृत्ती घेतात. काही संशोधक बुरशी वाढवलेले ओटचे दाणे जमिनीत पुरून रोग मुद्दाम निर्माण करतात. मात्र चट्टे दिसायला त्यातही बराच काळ जातो.

फवारणी जमिनीचे तापमान सुमारे 15 ते 25 अंश सेल्सिअस असताना करतात आणि बहुधा चार आठवड्यांनी दुसरी देतात. पाण्याचे प्रमाण प्रति चौरस मीटर सुमारे 80 मिली असते. त्यानंतर लगेच सिंचन देऊन औषध मुळांपर्यंत उतरवणे फार महत्त्वाचे. या रोगावरची बहुतेक आंतरप्रवाही (झाडाच्या आत शिरून पसरणारी) औषधे झाडात वरच्या दिशेने सरकतात. पानावर पडलेले औषध मुळांकडे जात नाही. चांगले औषध केवळ पाणी न दिल्याने नापास ठरू शकते, म्हणून अहवालात सिंचनाची नोंद नसेल तर त्यावर विसंबू नये.

तपासलेली काही औषधे महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्याही ओळखीची आहेत: टेब्युकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल, ॲझॉक्सिस्ट्रोबिन. पूर्वी फेनारिमॉलचा आधार होता. अलीकडे एसडीएचआय (बुरशीची श्वसनक्रिया रोखणाऱ्या) गटातील आयसोफेटामिड आणि पेंथिओपायरॅड यांनी अनेक चाचण्यांत चांगला परिणाम दाखवला आहे. टेब्युकोनॅझोल, मायक्लोब्युटानिल यांसारखी ट्रायझोल गटातील औषधे जास्त मात्रेत हरळीची वाढ खुंटवतात, त्यामुळे गवताचा रंग आणि जोम यांनाही वेगळे गुण द्यावे लागतात.

वसंतात हिरवळ फुटू लागल्यापासून दर एक-दोन आठवड्यांनी वाफ्याचा किती टक्के भाग बाधित आहे ते मोजतात. नजरेच्या अंदाजात व्यक्तीगणिक फरक पडतो. दोऱ्यांची जाळी टाकून चट्ट्यावर पडणारे छेदबिंदू मोजणे किंवा छायाचित्रातील हिरवा भाग संगणकाने मोजणे अधिक भरवशाचे.

एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथली बुरशीची जात वेगळी असू शकते, आणि या जाती डोळ्यांनी ओळखता येत नाहीत. त्यासाठी डीएनए तपासणी लागते. नॉर्थ कॅरोलायनातील प्रयोगांत अमोनियम सल्फेट खताने हर्पोट्रिकाचा, तर कॅल्शियम नायट्रेट खताने कोरीचा रोग कमी झाला. जातीची नोंद नसलेली चाचणी म्हणूनच अर्धवट मानावी. थंडी सोसणारे वाणही बरेच काम करतात, पण रोगातून ते पूर्णपणे सुटत नाहीत. चट्टे जागा सोडत नसल्याचा फायदा घेऊन व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी वसंतात ड्रोनने चट्ट्यांचे नकाशे काढले आणि शरदात तेवढ्याच जागी फवारणी करून पाहिली. त्यात औषधाची मोठी बचत होते.