फॉर्म्युला वनच्या विंगवरील तर्कवितर्क: पार्श्वभूमी

फॉर्म्युला वनचा नवा हंगाम जवळ आला की संघ आपापल्या गाड्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करतात आणि त्याच संध्याकाळी मुंबईतली चाहते मंडळीही ती मोबाइलवर मोठी करून नाकाची उंची, पुढच्या विंगचा बाक आणि साइडपॉडचा, म्हणजे बाजूंच्या खोक्यांचा, उतार यांवरून वर्षभराची भाकिते करू लागतात. वानखेडेवरच्या कसोटीच्या आदल्या दिवशी खेळपट्टीवरच्या गवतावरून बांधलेल्या अंदाजांसारखाच हा प्रकार वाटतो. फरक एवढाच, की इथे पाहणाऱ्याची दिशाभूल व्हावी अशी दाखवणाऱ्याचीच इच्छा असते. या सवयीचा इतिहास पाहिला, तर प्रेक्षकांचे तर्क नेहमी कॅमेरा जिथवर पोहोचला तिथवरच गेले आहेत, असे दिसते.

रेसिंग कारची विंग म्हणजे ढोबळमानाने उलटा बसवलेला विमानाचा पंख. विमानाला तो वर उचलतो, तर गाडीला खाली दाबतो, आणि हा दाब, म्हणजे डाउनफोर्स, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मात्र वळणावर उपयोगी पडणारी हीच विंग सरळ रस्त्यावर हवेचा अडथळा वाढवते, त्यामुळे दोन्हीकडचा फायदा कसा साधावा याच प्रश्नाभोवती गेल्या साठेक वर्षांतल्या बहुतेक युक्त्या फिरत आल्या आहेत. फॉर्म्युला वनमध्ये विंग आल्या 1968 साली. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये मोन्ज्युइकच्या शर्यतीत लोटस संघाच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्याही गाड्यांच्या उंच विंग मोडून अपघात झाले आणि त्यानंतरच्या मोनॅको शर्यतीत अशा उंच विंगांवर बंदी आली.

त्या काळात जे होते ते उघड्यावर होते. दडवादडवी खऱ्या अर्थाने सुरू झाली ती लोटसने गाडीच्या तळालाच विंगचे काम करायला लावले तेव्हा. 1977 ची लोटस 78 आणि मारिओ आंद्रेत्तीला 1978 चे जगज्जेतेपद मिळवून देणारी लोटस 79 या गाड्यांचे रहस्य बाजूंच्या खोक्यांच्या आत आणि जमिनीलगत होते, जिथे छायाचित्रकाराची नजर जात नव्हती. त्याला ब्रॅबम संघाचे रचनाकार गॉर्डन मरी यांनी दिलेले उत्तर अधिक गमतीचे होते. 1978 च्या स्वीडिश ग्रां प्रीमध्ये उतरलेल्या बीटी46बी या गाडीच्या मागे एक मोठा पंखा होता. तो इंजिन थंड करण्यासाठी आहे, असे संघ सांगत होता, परंतु गाडी उभी असताना त्यावर कचऱ्याच्या डब्याचे झाकण बसवले जाई, आणि उभ्या गाडीचे इंजिन रेस केले की तळाखालची हवा ओढली जाऊन ती जमिनीकडे दबताना दिसे. निकी लाउडाने ती शर्यत जिंकली आणि गाडी पुन्हा कधीच शर्यतीत उतरली नाही.

बाहेरच्या माणसाने केवळ निरीक्षणावरून गुपित शोधल्याचे सर्वांत नेमके उदाहरण मात्र विंगचे नसून ब्रेकचे आहे. 1997 मध्ये छायाचित्रकार डॅरेन हीथ यांच्या लक्षात आले, की मॅक्लारेनचे मागचे ब्रेक गाडी वळणातून वेग घेत असतानाही लाल होतात. पुढे न्युर्बुर्गरिंगवर बंद पडलेल्या मॅक्लारेनच्या पायाच्या जागेत कॅमेरा घालून त्यांनी मागच्या एकाच चाकाला ब्रेक लावणाऱ्या जास्तीच्या पेडलचे छायाचित्र मिळवले, आणि 1998 च्या हंगामाच्या सुरुवातीलाच ती यंत्रणा बंद झाली. चाहत्यांच्या आजच्या तर्कांची रीत हीच आहे: एखादी विसंगती हेरायची आणि तिचे कारण शोधायचे. हीथ यांनी त्यापुढे जाऊन पुरावाही मिळवला, ही पायरी मात्र बहुतेकांकडून गाळली जाते.

ऑनबोर्ड कॅमेऱ्यांचे चित्रण स्पष्ट झाले तसे हे काम घरबसल्या होऊ लागले. 2010 मध्ये मॅक्लारेनच्या नाकावरच्या छोट्या छिद्रावरून चर्चा पेटली. चालकाने पायाने मार्ग बंद केला, की हवा मागच्या विंगकडे वळून सरळ रस्त्यावर तिचा अडथळा कमी करी. त्याच वर्षी रेड बुलची पुढची विंग वेगात जमिनीकडे झुकते, हे टीव्हीवर कोणालाही दिसत होते, तरी 50 किलोच्या भाराच्या तपासणीत ती निर्दोष ठरत होती. अखेर या खेळाची नियामक संस्था असलेल्या एफआयएने बेल्जियमच्या शर्यतीपासून तो भार 100 किलोंवर नेला. विंग चाचणीत ताठ राहायची आणि शर्यतीत वाकायची, हा वाद तेव्हापासून नियम बदलले तरी मिटलेला नाही. 2021 मध्ये मागच्या विंगचे वाकणे मोजण्यासाठी तिच्यावर ठिपके चिकटवले गेले, आणि ब्राझीलमध्ये प्रतिस्पर्धी चालक हॅमिल्टनच्या विंगला हात लावून पाहिल्याबद्दल व्हर्स्टॅपेनला 50,000 युरोंचा दंड झाला. इतका महागडा चाहता दुसरा नसावा!

मुंबईचा या इतिहासाशी एक थेट संबंध आहे. फोर्स इंडियाची पहिली गाडी फेब्रुवारी 2008 मध्ये याच शहरात लोकांसमोर आली. ती मुळात आदल्या वर्षीच्या स्पायकरची सुधारित आवृत्ती होती, त्यामुळे अनावरणाच्या दिवशीचा रंग आणि आतली गाडी यांत किती अंतर असू शकते, हे इथल्या लक्ष देऊन पाहणाऱ्यांना तेव्हाच कळायला हरकत नव्हती. याच संघाचा वारसा सांगणाऱ्या रेसिंग पॉइंटची 2020 ची गाडी आदल्या वर्षीच्या मर्सिडीजसारखी दिसते, हे हंगामपूर्व चाचणीतच सर्वांनी ओळखले. पण एफआयएने 4 लाख युरो दंड आणि 15 गुणांची कपात केली ती सगळ्यांच्या डोळ्यांत भरलेल्या बाह्य आकारासाठी नव्हे, तर ब्रेकला हवा पुरवणाऱ्या डक्टसाठी.

डोळ्यांत भरते ते महत्त्वाचे, ही चाहत्यांची जुनी चूक 2022 नंतर आणखी ठळक झाली. त्या वर्षी नियमांनी तळाचा प्रभाव, म्हणजे तळानेच गाडी खाली दाबण्याची लोटसची जुनी युक्ती, परत आणला आणि मर्सिडीज जवळजवळ साइडपॉड नसलेली गाडी घेऊन आली. ती धावताना उसळत होती आणि दोष सर्वांनी त्या सडपातळ बाजूंवर टाकला. 2023 मध्ये मोनॅकोला संघाने त्या बाजू बदलल्या. तरीही 2022 मध्ये निदान एक शर्यत जिंकणाऱ्या मर्सिडीजला 2023 मध्ये एकही जिंकता आली नाही. उलट त्याच मोनॅकोत अपघातानंतर पेरेझची रेड बुल क्रेनने उंच उचलली गेली आणि तिच्या तळाची छायाचित्रे जगभर गेली, तेव्हा प्रतिस्पर्धी अभियंत्यांनीही ती बारकाईने पाहिली. विजेत्या संघाला पवनबोगद्यातल्या, म्हणजे कृत्रिम वाऱ्यात गाडीची प्रतिकृती तपासण्याच्या, चाचणीसाठी मूळ मर्यादेच्या 70 टक्के, तर दहाव्या क्रमांकाच्या संघाला 115 टक्के वाव मिळत असे. चाचणीला अशी शिधापत्रिका लागल्यावर दुसऱ्याच्या गाडीचे एक चांगले छायाचित्रही मोलाचे ठरते.

पवईच्या आयआयटीतला विद्यार्थ्यांचा संघ विजेवर चालणारी रेसिंग कार बनवून सिल्व्हरस्टोनच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत उतरत आला आहे. एखादा भाग आकड्यांत चांगला दिसला तरी रस्त्यावर तसाच वागेल याची हमी नसते, हे अशा कामात हात घातलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. छायाचित्रावरून भाग कुठे बदलला हे सांगता येते, त्याने किती सेकंद वाचतील हे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये बाकूला पियास्त्रीच्या मॅक्लारेनच्या मागच्या विंगची वरची पट्टी वेगात किंचित उघडत असल्याचे मागे रोखलेल्या कॅमेऱ्यातून दिसले आणि संघाने तीत बदल करण्याची तयारी दाखवली. प्रेक्षकांनी जागा अचूक हेरली होती. ती शर्यत त्यामुळेच जिंकली गेली, हा त्यापुढचा निष्कर्ष मात्र कोणत्याही चित्रणातून सिद्ध होण्यासारखा नव्हता.

2026 च्या नियमांनी डीआरएस, म्हणजे पुढच्या गाडीला गाठताना मागची विंग उघडण्याची सोय, काढून पुढच्या आणि मागच्या दोन्ही विंगांना सरळ रस्त्यावर हलण्याची अधिकृत मुभा दिली, गाडीची रुंदी 2000 वरून 1900 मिलिमीटरवर आणली आणि तळातल्या हवा खेळवणाऱ्या बोगद्यांचे महत्त्व कमी केले. विंग हलते आहे, एवढे दाखवून आता काहीच सिद्ध होत नाही. संध्याकाळी साडेसहाला टीव्हीसमोर बसणाऱ्याला त्या हालचालीतली नियमातली कोणती आणि नियमाबाहेरची कोणती, हे वेगळे काढावे लागेल.