ऑफिसचा फोन तारेवर की क्लाउडवर?

इंदुरात विजयनगर असो की सुपर कॉरिडॉर, नवी सॉफ्टवेअर कंपनी थाटताना लॅपटॉप, खुर्च्या, वाय-फाय सगळं आधी ठरतं. फोनचा विषय शेवटी निघतो. कुणी म्हणतं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातलंच छोटं एक्सचेंज बसवू, कुणी म्हणतं क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून चालणारी फोनसेवा घेऊ, आणि चर्चा बिलावरच संपते. माझ्या मते बघायला हवा तो आवाजाचा प्रवास.

जुन्या पद्धतीत एक्सचेंज तुमच्या कॉलपुरती एक वाट राखून ठेवतं. आवाजाचं माप सेकंदाला 8000 वेळा घेतात, प्रत्येक माप 8 बिटांचं. म्हणजे सेकंदाला 64,000 बिट. तुम्ही बोला वा गप्प राहा, तेवढी जागा तुमचीच. कंपन्या पीआरआय नावाची जी डिजिटल लाइन घेतात तिच्यात अशा 30 वाटा असतात. एकतिसाव्याला लाइन बिझी.

क्लाउडमध्ये राखीव काहीच नसतं. आवाजाचे बहुधा 20 मिलिसेकंदांचे तुकडे पडतात. अर्ध्या सेकंदाच्या 'हॅलो'चे 25 तुकडे झाले. वरच्याच मापाने एका तुकड्यात आवाजाचे 160 बाइट, आणि त्यावर पत्ता, क्रमांक, वेळ वगैरेचे आणखी 40. हे तुकडे मागेपुढे पोचतात, काही पोचतच नाहीत. म्हणून ऐकणाऱ्याकडचं सॉफ्टवेअर ते क्षणभर अडवून ओळीने लावतं. जास्त अडवलं तर बोलणं उशिरा पोचतं, कमी अडवलं तर आवाज तुटतो. तोंडापासून कानापर्यंतचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत राहिला तर संभाषण सहसा अडखळत नाही, असं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस सांगते.

इथे सर्व्हर कुठे आहे, याला फार महत्त्व येतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर जातो. इंदूर ते मुंबई 600 किलोमीटर धरले तर 3 मिलिसेकंद. अमेरिकेचा पूर्व किनारा 12 हजार किलोमीटरच्या पलीकडे, म्हणजे एका बाजूने 60 हून जास्त. एकाच मजल्यावरच्या दोघांचा कॉल तिकडून फिरून आला, तर 120 प्रवासातच गेले. तुकडे पाडणं आणि अडवणं वेगळंच. तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच विचारा: आमचा आवाज कुठल्या शहरातून जाणार?

तरीही डेव्हलपरांनी क्लाउडच घ्यावा, असं मला ठामपणे वाटतं. कारण तिथे कॉल कोडच्या हाती येतो. रात्री 2 वाजता ग्राहकाचा सर्व्हर पडला, कॉल आला की तुमच्या प्रोग्रामला वेबहुक, म्हणजे इंटरनेटवरून आपोआप येणारा निरोप मिळतो, मग प्रोग्राम ड्यूटीवरच्या इंजिनिअरला रिंग देतो, 20 सेकंदांत उचलला नाही तर पुढच्याला. हा नियम गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात राहतो, त्याची टेस्ट लिहिता येते. ईपीएबीएक्समध्ये एवढ्या बदलासाठी बहुधा मशीनवाल्याला बोलवावं लागतं. मात्र वेबहुकची सही, म्हणजे तो खरंच तुमच्या विक्रेत्याकडून आल्याची डिजिटल खूण, तपासायला विसरू नका. नाहीतर कुणीही खोटा कॉल तुमच्या प्रोग्रामच्या गळी उतरवेल.

तांब्याच्या जुन्या लाइनीला एक्सचेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्ट मिळायचे, त्यामुळे वीज गेली तरी साधा फोन चालायचा. फायबरवरच्या लँडलाइनला ती सोय नाही. तिचा डबा तुमच्याच विजेवर चालतो. त्यामुळे राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर घ्या. दुसरं इंटरनेट वेगळ्या कंपनीचं आणि वेगळ्या वाटेने येणारं असावं, कारण दोन्ही केबल एकाच नालीतून येत असतील तर एका खोदकामात दोन्ही तुटतात. आणि करार करण्याआधी, सगळं ऑफिस भरलेलं असताना, अर्धा तास कॉल चालू ठेवून किती तुकडे हरवले ते मोजा.