१४२८५७ आणि सातच्या बाक्या

१४२८५७ ला २ ने गुणा, २८५७१४ येतात. ३ ने गुणा, ४२८५७१. पुढे ४, ५, ६ ने गुणलं तरी तेच सहा अंक, त्याच क्रमाने. फक्त सुरुवात वेगळ्या अंकापासून: ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. आणि ७ ने गुणलं की एकदम ९९९९९९!

ही संख्या बहुधा इथपर्यंतच सांगतात, चमत्कार म्हणून. मला तिच्यामागचं कारण जास्त सुंदर वाटतं, आणि ते कळायला शाळेतला साधा भागाकार पुरतो.

१ ला ७ ने भागून पाहा. भाग जात नाही म्हणून दशांश चिन्ह देऊन शून्य घेतलं, झाले १०. सात एके सात, बाकी ३. पुन्हा शून्य, झाले ३०. सात चोक अठ्ठावीस, बाकी २. सात दुणे चौदा, बाकी ६. सात अठ्ठे छप्पन्न, बाकी ४. सात पाचा पस्तीस, बाकी ५. सात सत्ते एकोणपन्नास, बाकी १. जिथून निघालो तिथेच आलो, म्हणजे आता हेच चक्र फिरत राहणार. वर लिहिलेले अंक वाचा: १, ४, २, ८, ५, ७.

खरी गंमत खालच्या बाक्यांत आहे: १, ३, २, ६, ४, ५. सातने भागताना शून्य सोडून सहाच बाक्या संभवतात, आणि इथे सहाही एकेकदा हजेरी लावून जातात. मग २/७ काढणं म्हणजे याच चक्रात बाकी २ पाशी शिरणं. तिथून पुढचे अंक २, ८, ५, ७, १, ४. गुणाकारात अंक फिरताना दिसतात ते यामुळे.

संख्येचे मधोमध दोन तुकडे करा: १४२ + ८५७ = ९९९. हेही बाक्यांमुळेच. तीन पायऱ्यांनंतर बाकी ६ उरते, म्हणजे तिथून ६/७ सुरू होतो. १/७ आणि ६/७ मिळून पूर्ण १, अर्थात ०.९९९९९९..., म्हणून समोरासमोरचे अंक जोडीने ९ भरतात.

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संख्यांमध्येही ही बसते. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. शेवटचे सहा अंक तोडून उरलेल्यांत मिळवा: २०४०८ + १२२४४९ = १४२८५७. हा हिशेब मी पहिल्यांदा हाताने केला तेव्हा उत्तर पुन्हा तपासल्याशिवाय राहवलं नाही.

हे सगळं आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. दोनच्या पटीत, संगणकासारखं मोजलं तर १/७ म्हणजे नुसतं ०.००१००१००१...

सातसारखे आणखी भाजक आहेत का? १३ नाही: त्याच्या बारा बाक्या सहा-सहाच्या दोन चक्रांत विभागल्या जातात, ०७६९२३ आणि १५३८४६. १७ मात्र आहे, सोळा अंकांचं एकच चक्र: ०५८८२३५२९४११७६४७. सुरुवातीचं शून्य धरावंच लागतं, कारण भाजक दहाहून मोठा आहे. १९, २३, २९ हेही तसेच. अशा मूळ संख्या अनंत असाव्यात, असा अंदाज गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२७ मध्ये मांडला. त्याची निर्विवाद सिद्धता अजून कुणालाही देता आलेली नाही.