डेटाबेस अडला? फोन करायच्या आधी एवढं बघा

"डेटाबेस बंद पडलाय" असं सांगत आम्हाला, म्हणजे सपोर्ट टीमला, बरेच कॉल येतात, आणि निम्म्या वेळा डेटाबेस मस्त चालू असतो, अडलेलं असतं दुसरंच काहीतरी. म्हणून आधी एरर पूर्ण वाचा, नंबरसकट.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये १०४५ नंबरचा एरर आला म्हणजे तुम्ही सर्व्हरपर्यंत पोचलात पण पासवर्ड चुकलाय, किंवा त्या युजरला तुमच्या मशीनवरून यायची परवानगीच नाहीये (हे कुणाच्या लक्षात येत नाही). २००३ आला तर तिथपर्यंत पोचताच आलं नाही, मग सर्व्हिस चालू आहे का, फायरवॉलने पोर्ट अडवलाय का ते बघा, पोर्ट सहसा ३३०६ असतो, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसचा ५४३२. १०४० म्हणजे कनेक्शन संपली. लिमिट मुळात १५१ असतं, ते वाढवून तात्पुरतं भागतं, पण ॲप कनेक्शन उघडून तशीच सोडत असेल तर परत तेच होणार.

मराठी नावांच्या जागी ???? दिसतंय? टेबल आणि कनेक्शन दोन्हीकडे यूटीएफ८एमबी४ (अक्षरं साठवायची पद्धत) पाहिजे, एकीकडे करून उपयोग नाही. नुसत्या जुन्या यूटीएफ८ मध्ये देवनागरी बसते कारण तिला अक्षरामागे ३ बाइट लागतात, इमोजीला ४ लागतात म्हणून तिथे गाडी अडते. आता महत्त्वाचं, त्या कॉलमवर हेक्स फंक्शन चालवा, ते साठवलेले बाइट जसेच्या तसे कोडमध्ये दाखवतं. ३एफ३एफ३एफ असं आलं तर खरोखरच प्रश्नचिन्हं सेव्ह झालीत, मूळ नाव गेलं, ते जुन्या बॅकअपमधूनच परत आणावं लागेल. ई०ए४ वगैरे दिसलं तर डेटा शाबूत आहे, फक्त दाखवताना गडबड होतेय.

क्वेरी रेंगाळते तेव्हा तिच्याआधी एक्सप्लेन लावा, डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते दिसतं. टाइपच्या खाली ऑल दिसलं की समजा अख्खं टेबल वाचलं जातंय. इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असूनही असं होतं, कारण व्हेअरमध्ये, म्हणजे क्वेरीच्या अटीत, इयर(बिल_तारीख) = २०२४ असं लिहिलं की बिल_तारीखवरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही, त्याऐवजी १ जानेवारी २०२४ पासून १ जानेवारी २०२५ च्या आधीपर्यंत अशी रेंज द्या. लाइकने मजकूर शोधताना सुरुवात टक्क्याच्या चिन्हाने केली तरी तीच रड.

व्हेअर न लावता डिलीट मारलं असेल तर आधी ॲप थांबवा आणि लगेच आम्हाला फोन करा, स्वतः रिस्टोअर करायला जाऊ नका. बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) चालू असेल आणि आधीचा बॅकअप असेल तर डिलीटच्या क्षणापर्यंत डेटा परत आणता येतो.

कळवताना एररचा मजकूर कॉपी करून पाठवा, सोबत व्हर्जन. पासवर्ड पाठवू नका, आम्ही मागतही नाही.