अंधार किती फ्रेमचा?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या भाच्याने गेम बनवायला घेतलाय. पहिली लेव्हल रंकाळ्यावर, दुसरी पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी. रंकाळा संपला की स्क्रीन हळूहळू काळी व्हावी आणि पन्हाळा हळूहळू उजळावा, एवढीच त्याची इच्छा. काळी व्हायची छान, पण पन्हाळा धाडकन समोर! ‘मामा, कोड तर बरोबर हाय की ओ!’

बरोबरच होता. फेड म्हणजे चित्रावर स्क्रीनभर ताणलेला काळा चौकोन. त्याचा अल्फा, म्हणजे अपारदर्शकपणा, 0 असला की तो दिसत नाही, 1 झाला की मागचं काही दिसत नाही. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे स्क्रीनवर एकामागून एक काढलेली 60 चित्रं, निघत असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला साधारण 16.7 मिलिसेकंद येतात. दर फ्रेमला ठरावीक अल्फा वाढवला, तर 30 फ्रेम काढणाऱ्या जुन्या फोनवर तोच फेड दुप्पट रेंगाळतो. म्हणून मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजून त्या हिशेबाने अल्फा बदलतात.

फजिती इथेच झाली. काळोखाआड रंकाळा मेमरीतून काढून पन्हाळ्याची चित्रं नि आवाज भरायला 2 सेकंद लागले. तेवढ्यात एकही फ्रेम निघाली नाही. पुढच्या फ्रेमने विचारलं, किती वेळ गेला? 2 सेकंद. फेड होता 1 सेकंदाचा, म्हणजे संपलाच! लोडिंगनंतर एक-दोन फ्रेम काळ्याच सोडून मग घड्याळ सुरू केलं, झालं काम. (त्याआधी एकदा फेडची स्क्रिप्ट (तो चालवणारा कोड) रंकाळ्याच्याच लेव्हलमध्ये ठेवली होती. रंकाळा गेला, ती पण गेली, स्क्रीन काळी ती काळीच. पडदा ओढणारा माणूसच नेपथ्याच्या ट्रकातून निघून गेल्यासारखं.)

मला खरी गंमत वाटते ती उजेडाची. अल्फा 0.5 झाला की प्रत्येक पिक्सेलच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्याच्या, उजळपणाचा आकडा निम्मा होतो; पण आकडा आणि उजेड सरळ प्रमाणात नसतात, त्यामुळे स्क्रीनमधून येणारा उजेड जेमतेम 22 टक्के उरतो. तरी डोळ्याला चित्र निम्म्याच्या आसपास मंदावलेलं वाटतं, कारण अंधाराकडचे फरक तो जास्त बारकाईने टिपतो. प्रत्यक्ष उजेड एकसारखा कमी करत नेला, तर चित्र बराच वेळ उजळ दिसतं आणि शेवटी एकदम बुडतं.

याच कोल्हापुरात चित्रपटकार बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला. मूकपटांच्या त्या काळात फेड हातानेच व्हायचा: एका हाताने हँडल फिरवायचं, दुसऱ्याने भिंगाचं छिद्र मिटत न्यायचं. फिल्म धुऊन होईपर्यंत जमलं की फसलं, कळायचं नाही.

भाच्याने आता फेड 0.8 सेकंदाचा केलाय. मला अजून जरा घाईचा वाटतो.