हजेरी व्यवस्थापन (सॉफ्टवेअर)

हजेरी व्यवस्थापन म्हणजे कामावर कोण कधी आलं, कधी गेलं आणि त्या दिवसाचा पगार त्याला पूर्ण, अर्धा की शून्य द्यायचा, याची नोंद कॉम्प्युटरवर ठेवणं. बोलताना हा शब्द कोणी वापरत नाही. कारखान्यात याला मस्टर म्हणतात, आयटीत अटेंडन्स म्हणतात, आणि पंच (मशिनवर येण्या-जाण्याची नोंद) राहिला की दोन्हीकडचे लोक ‘एचआरला मेल टाक’ म्हणतात. मस्टर म्हणजे मुळात ते लांबडं रजिस्टर, डावीकडे नावं, पुढे ३१ रकाने, टाइम ऑफिसातला टाइमकीपर त्यात पी (हजर), ए (गैरहजर), डब्ल्यूओ (साप्ताहिक सुट्टी) असं भरत जायचा आणि महिनाअखेरीला लाल पेनाने खाडे मोजायचा. सॉफ्टवेअर आलं तरी महिन्याच्या रिपोर्टचा तोंडवळा अजून तोच आहे, तेच ३१ रकाने आणि तीच अक्षरं.

यंत्राने हजेरी घेणं मात्र काही नवं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावात विलार्ड बंडी नावाच्या दागिन्यांच्या दुकानदाराने १८८८ च्या सुमाराला वेळ छापणारं घड्याळ बनवलं, त्याच्या भावाने त्यावर कंपनी काढली, ती पुढे दुसऱ्या कंपन्यांत मिसळत गेली आणि १९११ मध्ये जी मोठी कंपनी तयार झाली तिचंच नाव १९२४ पासून आयबीएम आहे. म्हणजे कॉम्प्युटरवाल्या कंपनीच्या मुळाशी हजेरीचं घड्याळ आहे, हे आपल्याकडे एचआरवाल्यांना पण फारसं माहीत नसतं.

मशिन काय करतं

बोट ठेवा, कार्ड दाखवा नाहीतर चेहरा दाखवा, मशिन फक्त एक ओळ लिहितं: कर्मचारी कोड, तारीख, वेळ, कुठलं मशिन. बस. लोकांना वाटतं मशिनने ॲबसेंट टाकलं, पण मशिनला ॲबसेंट काय ते कळतच नाही. बऱ्याच ठिकाणी तर हा पंच आत येतानाचा की बाहेर जातानाचा हेही त्याला माहीत नसतं. पुढे सॉफ्टवेअर त्या ओळी उचलतं, दिवसातला पहिला पंच इन धरतं, शेवटचा आऊट धरतं आणि मग कंपनीने भरून ठेवलेले नियम लावतं. शिफ्ट किती वाजता, ग्रेस म्हणजे उशिराची सूट १० मिनिटं की १५, किती तासांखाली हाफ डे, तीन लेटमार्कला अर्धी रजा कापायची का, शुक्रवार आणि सोमवार दोन्ही रजा असेल तर मधला वीकऑफ पण रजेत धरायचा का (याला सगळे सँडविच म्हणतात आणि यावरून होणारी भांडणं पण सगळ्यांना माहीत आहेत). तुमचा पगार कुठे कापला जातो तर इथे, या सेटिंगच्या पानावर, आणि ते पान कर्मचाऱ्याला कधी दाखवत नाहीत हे मला चुकीचंच वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ तिसऱ्या पाळीचा. समजा एक माणूस ५ तारखेला रात्री १०:०२ ला आत आला, ६ तारखेला सकाळी ६:१० ला बाहेर पडला. सरळ आठ तास भरले. पण शिफ्ट नीट मॅप केली नसेल तर सॉफ्टवेअर रात्री १२ ला दिवस कापतं, मग ५ तारखेला एकच पंच, म्हणजे आऊट नाही, म्हणजे मिस पंच. तो पुन्हा ६ ला रात्री ९:५८ ला आला की ६ तारखेला पहिला पंच सकाळी ६:१०, शेवटचा रात्री ९:५८, आणि रिपोर्टमध्ये भाऊ पावणेसोळा तास कामावर, वर ओव्हरटाइम. म्हणजे एका दिवशी गायब आणि दुसऱ्या दिवशी राक्षस. उपाय सोपा आहे, शिफ्टला ‘दिवस बदलणारी’ अशी खूण करायची आणि दिवसाची हद्द रात्री १२ ऐवजी दुपारी कुठेतरी ठेवायची, पण पाळ्या आठवड्याला फिरत असतात आणि रोस्टर, म्हणजे कोणाची कधी कुठली पाळी याचा तक्ता, सुपरवायझरच्या वहीत असतं, सॉफ्टवेअरमध्ये गेल्या महिन्याचंच चालू असतं.

मी आधी जिथे होतो त्या कारखान्यात गेटवरच्या मशिनची आतली बॅटरी गेलेली, लाइट गेली की घड्याळ मागे जायचं आणि सकाळी सात वाजता आलेल्या साठेक लोकांचे पंच थेट २००० सालच्या १ जानेवारीला पडायचे. सॉफ्टवेअरमध्ये सगळे ॲबसेंट, आणि गंमत म्हणजे डेटा कुठेच हरवलेला नव्हता, फक्त तारीख २००० ची टाकून रिपोर्ट काढायचं कोणाला सुचलं नव्हतं. मशिनची वेळ सर्व्हरशी रोज जुळवून घ्यायचा पर्याय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असतो, तो चालू आहे का एवढं बघून घ्यावं.

बोट, चेहरा, मोबाइल

कार्डाच्या काळात मित्राचं कार्ड दाखवून प्रॉक्सी लागायची म्हणून बोट आलं. मशिनमध्ये सहसा बोटाचा फोटो नसतो, रेषांच्या खुणांवरून बनवलेला टेम्प्लेट असतो. पण गवंडीकाम, फाउंड्री, केमिकल, भांडी घासणं अशा कामांत बोटं झिजतात, रेषाच राहत नाहीत, माणूस चार वेळा बोट पुसून ठेवतो, मागे रांग वाढत जाते आणि शेवटी वॉचमन वहीत नाव लिहून घेतो. कोविडमध्ये बोट बंद झालं आणि चेहऱ्याची मशिनं वाढली. फील्डवरच्या लोकांसाठी मोबाइल ॲप असतं, ठरलेल्या जागेच्या शंभर-दोनशे मीटरात आलं की पंच होतो, त्यावर खोटं लोकेशन दाखवणारी ॲप्स निघाली, मग ती ओळखणारी सॉफ्टवेअरं निघाली, आणि हे असंच चालू आहे.

रेग्युलराइज

पंच राहिला, मशिन बंद होतं, क्लायंटकडे गेलो होतो, या सगळ्याला एकच औषध, रेग्युलरायझेशन. कर्मचारी अर्ज टाकतो, साहेब मंजूर करतात, हजेरी पी होते. पगाराची सायकल २६ ते २५ अशी असेल तर २५ तारखेला संध्याकाळी साहेबांच्या लॉगिनमध्ये चाळीस अर्ज पडून असतात, ते ‘सिलेक्ट ऑल’ करून मंजूर करतात, नाहीतर रजेवर असतात आणि डेटा लॉक होतो, मग खाडा या महिन्यात कापला जातो आणि पुढच्या महिन्यात एरिअर, म्हणजे थकबाकी, म्हणून परत येतो. कागदी मस्टरवर व्हाइटनर लावला की निदान दिसायचा. सॉफ्टवेअरमध्ये मूळ पंच, बदललेली वेळ, कोणी बदलली आणि केव्हा, ही नोंद राहिलीच पाहिजे, ती नसेल तर त्या सॉफ्टवेअरला एक्सेल म्हणावं.

एका खाड्याचे किती जातात हे पण ठरलेलं नाही. महिना १८,००० पगार असेल तर ३० ने भागून ६०० होतात, २६ ने भागून ६९२. कंपनी कशाने भागते ते विचारून ठेवा. ग्रॅच्युइटीचा हिशोब कायद्याने २६ नेच होतो.

हजेरीवर काय काय लटकलेलं असतं

पगार तर आहेच. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा होती, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या लेबर कोडमध्ये २४० ऐवजी १८० दिवस केलेत. ओव्हरटाइमचा दर दोन्हींत दुप्पट. दुकानं आणि ऑफिसांसाठी महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात वर्षाला ८ किरकोळ रजा मिळतात आणि कमावलेली रजा ४५ दिवसांपर्यंत साठवता येते, म्हणजे रजेचं बॅलन्स सॉफ्टवेअरमध्ये चुकीचं चढलं तर तो नुसता आकडा चुकलेला नसतो.

पीएफच्या महिन्याच्या फाइलमध्ये एनसीपी डेज असा रकाना असतो, बिनपगारी दिवस तिथे जातात. ईएसआयसीत (कामगारांच्या सरकारी विम्यात) आजारपणाचे पैसे मिळायला सहा महिन्यांच्या कालावधीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते, ७७ ला नाही. आणि कामावरून काढलं म्हणून कामगार कोर्टात गेला तर प्रश्न येतो ‘२४० दिवस भरले का’. २००२ मध्ये रेंज फॉरेस्ट ऑफिसर विरुद्ध हदिमनी या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हे सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची, नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही. आता मस्टर कंपनीच्या सर्व्हरवर आणि पासवर्ड कंपनीकडे, तर कामगाराने दर महिन्याला स्वतःच्या हजेरीचा स्क्रीनशॉट काढून ठेवलेला बरा.

सरकारी हजेरी

केंद्र सरकारच्या ऑफिसांत २०१४ पासून आधारवर चालणारी बायोमेट्रिक हजेरी आली. आपल्याकडे मस्टर हा शब्द गावागावांत गेला तो रोजगार हमीमुळे (महाराष्ट्राचा कायदा १९७७ चा), ‘मस्टर निघालं का’ म्हणजे काम सुरू झालं का. पुढे मनरेगात (केंद्राच्या रोजगार हमीत) वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळीकडे १ जानेवारी २०२३ पासून मोबाइल ॲपवर हजेरी सक्तीची झाली, दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, वेळ आणि लोकेशनसकट. डोंगराळ भागात रेंज नाही, अपलोड झालं नाही की कामावर असूनही मजुरी अडकते. आणि उलट बाजूने जुलै २०२५ मध्ये केंद्राच्याच पत्रात आलं की काही ठिकाणी लोकांचा फोटो न काढता फोटोचाच फोटो काढून चढवलाय.

माणूस सोडून गेल्यावर

हे सगळ्यात दुर्लक्षित. राजीनामा झाला, फुल अँड फायनल म्हणजे शेवटचा हिशोब झाला, पण बोटाचा टेम्प्लेट गेटवरच्या मशिनमध्ये तसाच असतो, सॉफ्टवेअरमधून नाव काढलं तरी मशिनमधून वेगळं काढावं लागतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात गरज संपल्यावर डेटा पुसायचं आहे, दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवायला लावलं नसेल तर. आणि सोडून गेलेल्याचा कर्मचारी कोड नव्या माणसाला कधी देऊ नये. दिला की नवा माणूस रुजू व्हायच्या आधीपासूनच कामावर हजर दिसतो, जुन्याची शिल्लक रजा त्याच्या नावावर चढते, आणि तो बिचारा ती वापरून मोकळा पण होतो.